लुद्विक गाडी शिकतो

“क्लच, लुद्विक. क्लच!”

गाडी दोनदा उसळली आणि बंद पडली. लुद्विकने स्टिअरिंग तसेच घट्ट धरून ठेवले, जणू ते सोडले तर गाडी एकटीच निघून जाईल.

“दाबला होता,” तो म्हणाला.

“दाबला होतास. पण सोडलास कसा? चटका बसल्यासारखा. हळू सोडायचा, अगदी हळू.”

“येल्का सोडायची तेव्हा तर कळायचंसुद्धा नाही.”

बोलून गेल्यावर त्याने ओठ मिटून घेतले. व्लास्ता समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिली. समोर येसेनित्सेच्या पोलाद कारखान्याची बंद पडलेली शेड होती. तिथल्याच भट्टीसमोर लुद्विकने नोकरीची सगळी वर्षे काढली होती. आता शेडपुढच्या मोकळ्या जागेत ड्रायव्हिंग स्कूलने केशरी शंकू मांडले होते, आणि त्यांतले निम्मे लुद्विकने आडवे केले होते. गेल्या सप्टेंबरपासून येल्काचे नाव या दोघांनी एकमेकांसमोर काढले नव्हते. खरे तर ते एकमेकांशी बोललेच नव्हते.

“गिअर काढ,” व्लास्ता म्हणाली. “आणि पुन्हा चालू कर.”

त्याच आठवड्यात तो न कळवता ऑफिसात येऊन उभा राहिला होता. काउंटरवरची झ्देंका आतल्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतले.

“येल्काचा नवरा आलाय बाहेर. तूच हवीस म्हणतो. मी म्हटलं, दुसऱ्या मास्तरांकडे जागा आहे, तर ऐकेना.”

“कशाला आलाय?”

“गाडी शिकायला.”

“लुद्विक?”

“मी पण असंच तोंड केलं. तर म्हणाला, आमच्या वरच्या गावात बस दिवसातून दोनदा येते, आणि दोन्ही वेळा मला कुठे जायचं नसतं.” झ्देंकाने आवाज खाली आणला. “जमेल ना गं तुला? नाहीतर मी सांगते काहीतरी.”

व्लास्ताला जमणार नव्हते. पण ती उठली आणि किल्ली घेऊन बाहेर आली. लुद्विक चांगला कोट घालून, टोपी हातात धरून उभा होता. डॉक्टरकडे आलेल्या माणसासारखा.

तो गाडी कधी शिकलाच नाही याला कारण होते. कारखान्याची बस त्याच्या दारात यायची, आणि बस बंद झाली तोवर घरात येल्का होती. येल्का गावोगाव फिरणारी नर्स. शेतावरच्या, चढावरच्या, वाट नसलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची, इंजेक्शने द्यायची, आणि जाता जाता त्यांना रागवायची. तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीत लुद्विक नेहमी शेजारच्या सीटवर. रविवारी मात्र ती सीट व्लास्ताची असे. मागे दोर, हेल्मेट, लोखंडी कड्यांचा खुळखुळाट, आणि दोघी पहाटेच्या डोंगराकडे निघालेल्या. लुद्विक दारात उभा राहून म्हणायचा, “निघाल्या माझ्या दोन म्हाताऱ्या बकऱ्या.” त्या तिशीत होत्या तेव्हापासून तो त्यांना म्हाताऱ्या म्हणत होता.

व्लास्ता आणि येल्का अठराव्या वर्षी गिर्यारोहण मंडळाच्या वर्गात भेटल्या, आणि एका दोराला बांधल्या गेल्या त्या गेल्याच. जिवाभावाच्या मैत्रिणी म्हणाव्यात तर तसेही नव्हते. व्लास्ताचा घटस्फोट झाला तेव्हा येल्काला ते महिनाभराने कळले, आणि तेही दुसऱ्याकडून. गाडीत त्या खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडत. पण डोंगराच्या उभ्या भिंतीवर येल्का पुढे गेली, नजरेआड झाली, की व्लास्ताच्या हातातून सरकणारा दोर तिला सगळे सांगायचा. ती खुशीत आहे, की घाबरली आहे, की नुसतीच नाक पुसायला थांबली आहे. दुसऱ्या कोणत्याही माणसाबद्दल व्लास्ताला इतके कधी कळले नव्हते. नवऱ्याबद्दल तर नाहीच.

सप्टेंबरात त्रिग्लाव डोंगराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर येल्काच्या हाताखालचा खडक सुटला. वर्षानुवर्षे शेकडो लोकांनी धरलेला, कुणालाही शंका न येणारा खडक. दोराने तिला धरले, पण त्याआधी खालच्या कट्ट्यावर ती आपटली होती.

अंत्यविधीला लुद्विकने सगळ्यांशी हस्तांदोलन केले. व्लास्ता समोर आली तेव्हा त्याने हात कोटाच्या खिशात घातला. बचाव पथकाचा प्रमुख घरी जाऊन सगळे सांगू लागला, तर त्यालाही त्याने अडवले होते. “गेली एवढं कळलं. बाकीचं तुमच्यापाशीच राहू द्या.” त्यानंतर व्लास्ता त्याच्या दारापर्यंत जाऊन आली. पडदा हलला. दार उघडले नाही. मग तिनेही जाणे सोडले.

तिने डोंगरही सोडला. रविवारी सकाळी ती स्कूलची गाडी धुवायची. लोकांनी सुरुवातीला चौकशी केली, मग वेळ हे औषध असल्याचे सांगितले, मग विषय बदलला. तिच्या हाताला मात्र विषय बदलता येईना. दुकानात पिशवी काउंटरवर ठेवली तरी दोर धरणारी उजवी मूठ सुटायची नाही. डाव्या हाताने एकेक बोट उलगडावे लागे. आणि गाडीत तिचा पाय ऐकेना. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. इतकी वर्षे तिने तो अगदी निकडीच्या वेळीच वापरला होता. आता समोर पान उडाले तरी तो दाबला जायचा.

“बाई, मांजर मला दिसलं होतं,” शिकणाऱ्या मुली म्हणायच्या. आधी हसून, नंतर न हसता. दोघींनी मास्तर बदलून मागितला. झ्देंकाने ते तिला सांगितले आणि लगेच कॉफी पुढे केली.

लुद्विकने मास्तर बदलून मागितला नाही. तो मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, गाडीत बसायचा, आरसा नीट करायचा आणि एक तासभर गाडीच्या बाबतीत जेवढे बोलता येईल तेवढेच बोलायचा. मे महिना लागेपर्यंत तो मैदानातून रस्त्यावर आला. वाईट चालवायचा नाही. भट्टीवर काम केलेला माणूस. तापलेल्या, जड गोष्टींचा आब राखायची त्याला सवय होती. फक्त चढावर त्याची गाडी हमखास बंद पडायची, आणि त्या भागात चढ सोडून दुसरे काही नाही.

एका शुक्रवारी व्लास्ताने त्याला वरच्या वाड्यांच्या रस्त्याने न्यायचे ठरवले.

“हे गाव नको,” तो म्हणाला.

“का? रस्ता चांगला आहे.”

“इथल्या घराघरात तिने कुणाला ना कुणाला सुई टोचलीय.”

तोवर उशीर झाला होता. कुंपणाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या उर्शाने काठी आडवी धरून गाडी थांबवली, आणि काचेवर टकटक केले.

“लुद्विक? अरे देवा! तुला कुणी दिली गाडी?”

“शिकतोय, उर्शाआजी.”

“आता? आता शिकून कुठे जाणार? बरं, हळू हाक. माझ्या कोंबड्या आहेत.” मग ती वाकली आणि तिला शेजारी बसलेली व्लास्ता दिसली. तिचा चेहरा बदलला. “ही होय शिकवतेय. माझी नर्स वर घेऊन गेलीस, बाई, आणि एकटीच खाली आलीस. आता माझ्या पायाला कोण बघतं? एक पोरगी येते, तिचे हात बर्फासारखे गार.”

लुद्विक सरळ समोर बघत होता.

“आजी,” तो म्हणाला, “कोंबड्या बाजूला घ्या.”

गाव मागे पडेपर्यंत तो दुसऱ्याच गिअरमध्ये चालवत राहिला. इंजिन रडत होते. तिने ते सांगितले नाही.

“म्हातारीचं मनावर घेऊ नको,” शेवटी तो म्हणाला.

“ती काय चुकीचं बोलली? तुलाही तेच वाटतं.”

पुढे फाटा आला.

“उजवीकडे घेऊ?” त्याने विचारले.

“डावीकडे.”

त्याच्या पुढच्या वेळी शाळेजवळून जाताना फुटपाथवरच्या कुत्र्याने नुसती मान वळवली आणि व्लास्ताचा पाय खाली गेला. गाडी अशी थांबली की लुद्विकची टोपी डॅशबोर्डवर आपटली.

“अगं, दिसलं होतं मला! बांधलेलं आहे ते!”

“माहीत आहे.”

“मग?”

“पाय आपोआप जातो.”

त्याने गाडी कडेला घेतली. न सांगता, आरसा बघून, सिग्नल देऊन, अगदी बरोबर घेतली.

“सगळ्यांबरोबर असंच होतं?”

“सगळ्यांबरोबर.”

तो टोपी झटकत बसला. “भट्टीवर माझ्यादेखत एकाचा हात गेला होता. मार्तिन नावाचा पोरगा. नंतर कितीतरी दिवस दुसरं कुणी काम करत असलं की मी जाऊन त्याचं यंत्र बंद करायच्या खटक्यावर हात ठेवून उभा राहायचो. शिव्या खाल्ल्या सगळ्यांच्या.”

“मग कसं थांबलं ते?”

“थांबलं कुठे? रिटायर झालो.”

व्लास्ताला हसू फुटले. तोही हसला, खांदे हलवत, आवाज न करता. मग दोघांनाही एकदम कसेतरी झाले आणि दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर बघू लागले.

“पुढचा धडा व्राताच्या रस्त्याचा घेऊ,” बाहेर बघतच तो म्हणाला.

व्राता म्हणजे त्या भिंतीखालची दरी. व्लास्ताने डोके हलवले. “तो रस्ता परीक्षेत नसतो. अर्धा कच्चा आहे. आणि धबधब्याजवळ असा चढ आहे की चांगले चांगले तिथे...”

“मला परीक्षेसाठी जायचंच नाही.”

“मी त्यानंतर तिकडे गेले नाही, लुद्विक.”

“मी तर आधीही गेलो नाही.” त्याने टोपी डोक्यावर ठेवली. “एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तिला त्या भिंतीवर नुसती बघितली असती ना, तर पुन्हा घराबाहेर पडू दिली नसती. म्हणून बघायचंच नाही असं ठरवलं होतं. आता बघायचंय. टॅक्सीवाला वाटभर बोलत राहील. चालत गेलो तर गुडघा बोलेल.”

“म्हणून गाडी शिकायला आलास?”

“नाहीतर काय, या वयात पोरी फिरवायला?”

जूनमधल्या त्या मंगळवारी आभाळ स्वच्छ होते. गाव संपले, डांबर संपले, आणि बीचच्या झाडांतून रस्ता नदीकाठाने वर निघाला. लुद्विक दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पुढे झुकून चालवत होता. प्रत्येक वळण व्लास्ताच्या ओळखीचे होते. इथे येल्का थर्मास उघडायची. इथे दोघींचे हमखास भांडण व्हायचे. धबधब्याचा आवाज येऊ लागला, आणि मग तो चढ आला. गाडीचे नाक आभाळाकडे झाले.

“पहिला,” ती म्हणाली. “पहिला टाक. थांबू नकोस.”

तो थांबला नाही, इंजिन थांबले. गाडी मागे सरकली. व्लास्ताचा पाय खाली गेला, गाडी जागेवर खिळली. लुद्विकने हॅण्डब्रेक ओढला. मागून एक मोठी जर्मन कॅम्पर गाडी, चाकांवरचे घरच, येऊन थांबली.

“ठीक आहे,” व्लास्ता म्हणाली. “क्लच दाब. चावी...”

“ती लगेच गेली का?”

त्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे समोरच्या खडीवर. या प्रश्नासाठी व्लास्ताने हिवाळाभर वाक्ये जुळवली होती. हळुवार, सांभाळून केलेली. त्यातले एकही आठवेना.

“नाही,” ती म्हणाली.

“मला वाटलंच होतं. किती वेळ?”

“दुपार गेली. संध्याकाळ होत आली होती.”

त्याने मान हलवली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

“सांग,” तो म्हणाला.

“इथे?”

“इथे. वर गेल्यावर माझ्याच्याने ऐकवणार नाही.”

तिने सांगितले. खडक सुटला तेव्हा येल्का ओरडली नाही, नुसती “ओहो” म्हणाली, हातातून बशी निसटल्यासारखी. व्लास्ताने दोर बांधून टाकला आणि ती खाली कट्ट्यावर तिच्यापाशी उतरली. बाहेरून फारसे काही दिसत नव्हते. पण येल्का नर्स होती. तिने स्वतःचे पोट चाचपून पाहिले, स्वतःची नाडी धरली आणि म्हणाली, आत रक्त जातंय, व्लास्ता, आता मला उगाच काही सांगत बसू नकोस. फोन लागत होता. हेलिकॉप्टर निघाले होते. पण दरीत ढग उतरला आणि त्याला परत फिरावे लागले. पुन्हा आले, पुन्हा फिरले. माणसे पायी निघाली. दोघी एकाच जाकिटाखाली बसून होत्या.

“किंचाळत होती का?”

“नाही रे. नाही.”

“मला रोज ऐकू येतं. मी दार लावतो, रेडिओ लावतो. रोज किंचाळते ती.”

“किंचाळली नाही, लुद्विक. थंडी वाजतेय म्हणाली. मग म्हणाली, काहीतरी बोल, या डोंगराबद्दल नको, दुसरं काही बोल. मला काही सुचेना. मग मी तिला माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. तो दातांचा डॉक्टर होता ना, गिअर बदलताना दर वेळी स्वतःच आ करायचा. ती हसली.”

“हसली?”

“हसली. मग म्हणाली, नको गं, दुखतंय. आणि जरा वेळाने म्हणाली, पुढे सांग.”

लुद्विक तिच्याकडे वळला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिले.

“माझं नाव काढलं?”

व्लास्ताने श्वास घेतला. “मी तुला फोन लावत होते. तिने फोनवर हात ठेवला. नको म्हणाली. त्याला माझा असा आवाज ऐकवू नकोस. मी ओळखते त्याला, उरलेलं आयुष्य तेवढंच ऐकत बसेल. मी म्हटलं, तुला काय अधिकार आहे? भांडलो आम्ही. त्याही अवस्थेत भांडलो. पण ती ऐकणार होय?”

“म्हणजे फोन चालू होता.”

“हो.”

“मी घरी होतो. बागेत. खिशात फोन होता माझ्या.” त्याचा आवाज चढला. “मी कांदे काढत होतो, व्लास्ता! दुपारभर कांदे काढत होतो! आणि तू तिला दातांच्या डॉक्टरची गोष्ट सांगत होतीस!”

“हो.”

“ती दुपार माझी होती. उभा जन्म काढला तिने माझ्याबरोबर. शेवटची दुपार माझी होती, आणि तुला मिळाली!”

“मला नको होती,” व्लास्ता म्हणाली. “तुला काय वाटतं, मला हवी होती?”

तो दार उघडून बाहेर पडला. कॅम्परमधला जर्मन माणूसही उतरून पुढे आला होता. हातवारे करत, रस्त्याकडे आणि घड्याळाकडे बोट दाखवत तो काहीतरी विचारू लागला.

“बायको मेलीय माझी!” लुद्विक आपल्या भाषेत त्याच्यावर ओरडला. “थांब जरा!”

त्या माणसाला शब्द कळले नाहीत. पण काहीतरी कळले. तो मागे सरला, गाडीत जाऊन बसला आणि त्याने धोक्याचे पिवळे दिवे लावून ठेवले.

लुद्विक नदीच्या बाजूला जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. व्लास्ताला उतरून त्याच्याजवळ जावेसे वाटले, पण ती उतरली नाही. येल्काने तो फोन धरला तेव्हाचा तिचा हात तिला आठवत होता. किती गार होता आणि किती जोर होता त्यात. आपण तो हात झिडकारून फोन लावायला हवा होता का, हे तिने स्वतःला इतक्यांदा विचारले होते की आता त्या प्रश्नाला उत्तराची गरजच उरली नव्हती. तो नुसता असायचा, खोलीतल्या कपाटासारखा.

बऱ्याच वेळाने लुद्विक परत आला. बसला. पट्टा लावला. त्याचे तोंड लाल झाले होते आणि मिशी ओली होती.

“असल्या बाबतीत ती बरोबरच असायची,” तो म्हणाला. “राग त्याचाच येतो.”

“हो. मलाही.”

“पाय काढ.”

“कुठून?”

“त्या ब्रेकवरून. हॅण्डब्रेक लावलाय मी.”

तेव्हा तिला कळले की तिचा पाय अजून दाबलेलाच होता, इतका की पोटरी थरथरत होती. तिने तो उचलला. मग दोन्ही पाय जवळ ओढून सीटखाली घेतले आणि हात मांडीवर ठेवले.

लुद्विकने चावी फिरवली. पहिला गिअर टाकला. क्लच सोडत, सोडत तो अशा जागी आला की इंजिनाचा आवाज भरला आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे झाले. त्याने हॅण्डब्रेक काढला. गाडी क्षणभर ना मागे ना पुढे अशी थरथरत उभी राहिली. व्लास्ताने डोळे मिटले. मग चाकाखालची खडी करकरली आणि गाडी चढू लागली.

मागून त्या जर्मन माणसाने हॉर्न वाजवला. या वेळी हलकेच.

वर गाड्या उभ्या करायच्या जागेत लुद्विकने गाडी दोन जागा अडवून लावली. पुढे मोकळे कुरण, त्याच्या कडेला डोंगरवाल्यांचे विश्रांतिघर, बाकांवर जवाचे सूप पिणारे प्रवासी. आणि या सगळ्याच्या वर ती भिंत. राखाडी, रुंद, आभाळाचा अर्धा भाग व्यापून बसलेली. पायथ्याशी अजून मळका बर्फ होता.

लुद्विक झाडांच्या सावलीतून बाहेर आला आणि थबकला. त्याने मान वर केली, आणखी वर केली. टोपी पडेल म्हणून ती हातात घेतली.

“एवढी?” तो म्हणाला.

“एवढी.”

“या एवढ्यावर ती... घरी यायची आणि म्हणायची, बरं होतं. जेवायला काय आहे? बस. एवढंच.”

“माझ्याशीही तेवढंच बोलायची.”

“कुठे?”

व्लास्ताने बोट दाखवले. तिला वाटले होते की बोट उचलणार नाही, पण ते उचलले गेले. “तो काळा पट्टा दिसतो? ओलसर. त्याच्या डावीकडे. पांढरट जागा आहे बघ. खडक नवा फुटलाय तिथे, म्हणून पांढरा.”

तो खूप वेळ शोधत राहिला. मग त्याला ती जागा दिसली. बाकावरचे कुणीतरी हसत होते, कुणीतरी भिंतीचे फोटो काढत होते.

तेवढ्यात वरून आवाज आला. बारीक, वाऱ्याने अर्धा खाल्लेला बाईमाणसाचा आवाज. लुद्विक दचकला. त्याने व्लास्ताचा दंड धरला.

“कोण आहे?”

व्लास्ताने भिंतीवरून नजर फिरवली. उजव्या अंगाला, बऱ्याच उंचावर, दोन ठिपके होते. एक तांबडा, एक त्याच्या खाली निळा.

“दोघीजणी आहेत. चढतायत.”

“काय ओरडली ती?”

“पोहोचले, म्हणाली. वरचीने स्वतःला बांधून घेतलंय. आता ती दोर ओढून घेईल, मग हिला ये म्हणेल, आणि ही निघेल.”

वरून पुन्हा हाक आली. खालून तिला उत्तर गेले, एकच शब्द.

“खालचीला तर वरची दिसतसुद्धा नसेल,” लुद्विक म्हणाला. “मग ती धरतेय की नाही, हे कसं कळतं?”

व्लास्ताने जरा विचार केला.

“कळतं,” ती म्हणाली.

निळा ठिपका जागेवरच होता. लुद्विकचा हात अजून तिच्या दंडावर होता, आणि पकड घट्ट होत चालली होती.

“निघत का नाही ती?”

“दोर अडकवलेला खिळा काढत असेल. जाताना काढून न्यावा लागतो.”

“आणि आता?”

“आता निघाली. बघ.”

निळा ठिपका हलला. थांबला. पुन्हा हलला. विश्रांतिघरातल्या बाईने बाहेर येऊन विचारले, सूप आणू का, आणि उत्तर मिळेना म्हणून ती आत गेली. ऊन भिंतीवरून सरकत होते. खालची ती निळी मुलगी मधेच कुठल्याशा खडकाआड गेली तेव्हा लुद्विकने श्वास धरला, आणि ती दिसली तेव्हा व्लास्ताच्या लक्षात आले की आपणही धरला होता. निळा ठिपका तांबड्याला जाऊन मिळेपर्यंत दोघांपैकी कुणीही खाली बसले नाही.